‘पश्चात्ताप’ शोधला, जक्कय निसटला

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलं की पहिल्या पानावर शब्दाची व्युत्पत्ती द्यायची, ही आपल्याकडे जवळपास रूढीच झाली आहे. ‘पर्यावरण म्हणजे परि अधिक आवरण’, ‘संशोधन म्हणजे सम् अधिक शोधन’. दोन ओळी भरतात, गाइडलाही बरं वाटतं आणि आपण पुढे सरकतो. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही. पण कधी कधी व्युत्पत्तीच पुराव्याच्या जागी येऊन बसते आणि तिच्यावर रचलेला सगळा युक्तिवाद वाकडा होतो. आज अशाच एका युक्तिवादाची चिकित्सा करू. विषय थोडा अनपेक्षित वाटेल: ख्रिस्ती परंपरेतला पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त.

हा विषय घेण्याची कारणं दोन. एक म्हणजे पालघर जिल्ह्यात तो पुस्तकी नाही. वसई पट्ट्यात पोर्तुगीज काळापासूनची कॅथलिक वस्ती आहे, १९९८ पासून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे आणि राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ इथल्या कॅलेंडरचा भाग आहे. याच काळाला प्रायश्चित्तकाळ असंही म्हणतात. दुसरं कारण पद्धतीचं. शब्द आणि संकल्पना यांची गल्लत कशी होते, हे दाखवायला याहून स्वच्छ उदाहरण मिळणं कठीण. संशोधनाच्या तयारीत असणाऱ्यांनी, मग विषय रसायनशास्त्र असो की समाजशास्त्र, ते एकदा नीट पाहावं.

युक्तिवाद काय आहे?

प्रवचनांत, व्हिडिओंत आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत तो साधारण असा येतो. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे ‘मेटानोइया’. मेटा म्हणजे नंतर किंवा बदल दाखवणारा उपसर्ग, आणि ‘नूस’ म्हणजे मन. म्हणून मेटानोइया म्हणजे मनपालट. पण लॅटिन बायबलमध्ये त्याचं भाषांतर ‘पेनितेन्शिया करा’ असं झालं, म्हणजे ‘प्रायश्चित्त करा’. या एका चुकीमुळे येशूची मनपालटाची हाक हरवली आणि तिच्या जागी उपास, जपमाळा, यात्रा, शेवटी पैसे देऊन मिळणारी दंडमाफीची पत्रं आली. मग १५१६ मध्ये इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला, १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने ९५ प्रबंध मांडले, आणि खरा अर्थ परत मिळाला. निष्कर्ष: प्रायश्चित्त ही भाषांतराची चूक, खरा पश्चात्ताप आतला.

गोष्ट झकास आहे. तिच्यात खलनायक आहे, नायक आहे, तारखाही आहेत. आणि ती पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती तपासायला हवी. इरॅस्मसने त्या लॅटिन शब्दयोजनेवर आक्षेप घेतला होता आणि ल्यूथरला त्याचा उपयोग झाला, हे खरंच आहे. प्रश्न ‘म्हणून’ या शब्दाचा आहे. भाषांतर तसं होतं ‘म्हणून’ प्रथा तशी घडली का? आणि मूळ शब्दाचा अर्थ फक्त आतला होता का?

पहिली तपासणी: मूळ संदर्भ पुढच्या ओळीपर्यंत वाचा

ल्यूथरचा पहिला प्रबंध सगळे सांगतात: ख्रिस्ताने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा माणसाचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असं त्याला अभिप्रेत होतं. दुसरा प्रबंध सांगतो की त्या हाकेचा अर्थ धर्मगुरूपुढे होणारा संस्कार एवढाच घेता येत नाही. इथवर आपली गोष्ट बरोबर चालते. पण तिसरा प्रबंध? त्यात ल्यूथर म्हणतो की याचा अर्थ केवळ आतला पश्चात्ताप असाही नाही. आतल्या पश्चात्तापातून देहाला लागणारी शिस्त बाहेर दिसत नसेल तर तो पश्चात्ताप कवडीमोल आहे. ज्याला ‘आतल्या’ अर्थाचा नायक केलं, तोच तिसऱ्या ओळीत ‘फक्त आतला’ अर्थ नाकारतो. तिसरा प्रबंध काही गुप्त नाही, त्याच कागदावर आहे. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये दुसऱ्याने दिलेलं अवतरण तिसऱ्याने उचललं की हेच होतं.

आता कालक्रम पाहा. कार्थेजचा तर्तुलियन हा लॅटिन लेखक तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला स्पष्ट लिहून गेला आहे की ग्रीक शब्द पापाच्या कबुलीवरून नाही, तर मनाच्या बदलावरून बनला आहे. म्हणजे इरॅस्मसच्या तेराशे वर्षं आधी हा बारकावा लॅटिन ख्रिस्ती लेखकांना ठाऊक होता. आणि याच तर्तुलियनने पश्चात्तापावर लिहिलेल्या पुस्तिकेत गोणपाट, राख, उपास यांसह जाहीर प्रायश्चित्ताचं वर्णन आहे. एकाच माणसाला व्युत्पत्तीही माहीत होती आणि प्रथाही मान्य होती. मग ‘व्युत्पत्ती विसरली म्हणून प्रथा आली’ हे कारण टिकत नाही. आधी अ, मग ब, म्हणून अ हे ब-चं कारण, असं आपण प्रयोगाच्या निकालात लिहिलं तर व्हायवात कोणीही धरेल. इथे तर क्रमसुद्धा जुळत नाही.

दुसरी तपासणी: अर्थ वापरात असतो

‘कुशल’ शब्दाची व्युत्पत्ती कुश नावाचं धारदार गवत हाताला न कापता तोडणारा अशी देतात. ‘प्रवीण’ म्हणजे वीणा उत्तम वाजवणारा. बोईसरच्या एमआयडीसीत एखाद्या गेटवर ‘कुशल कामगार पाहिजेत’ अशी पाटी लागली, तर विळा घेऊन कोणी जात नाही. शब्दाचा जन्म आणि शब्दाचं आजचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायबलच्या अभ्यासात ही चूक किती खोल रुजली आहे, हे जेम्स बार यांनी १९६१ च्या ‘द सिमँटिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज’ या पुस्तकात दाखवलं. आजही ते पुस्तक कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने चाळावं असं आहे.

मग वापर काय सांगतो? लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना मेटानोइयाला शोभतील अशी फळं द्यायला सांगतो. लोक विचारतात, म्हणजे आम्ही करायचं काय? उत्तर कमालीचं रोखठोक आहे. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी धाकदपटशाने पैसे उकळू नयेत, पगारात भागवावं. मनाबद्दल इथे एक शब्द नाही. सगळं खिशाबद्दल आणि अधिकाराबद्दल आहे.

अजून एक लोकप्रिय भेद: ‘मेटानोइया’ म्हणजे खरा पश्चात्ताप आणि दुसरं ग्रीक क्रियापद ‘मेटामेलोमाय’ म्हणजे नुसतं पस्तावणं. पुरावा म्हणून यहूदा दाखवतात. मत्तयच्या २७ व्या अध्यायात येशूला धरून दिल्यावर त्याच्यासाठी हे दुसरं क्रियापद येतं आणि त्याचा शेवट आत्मनाशात होतो. पटतं ना? पण त्याच मत्तयच्या २१ व्या अध्यायात दोन मुलांचा दाखला आहे. बाप मळ्यात कामाला जा म्हणतो, एक मुलगा आधी नाही म्हणतो, नंतर पस्तावतो आणि जातो. तिथेही हेच दुसरं क्रियापद आहे, आणि तो मुलगा दाखल्यातला चांगला मुलगा आहे. सोयीचं एक उदाहरण घेऊन नियम बांधला की सहा अध्याय मागे नियम मोडलेला असतो. फार तर असं म्हणता येईल की मेटानोइयाचा वापर जास्त करून वळण्याकडे झुकतो. कल आणि व्याख्या यांत फरक आहे. आलेखावर बिंदू एका बाजूला दाट असणं म्हणजे तिथे भिंत असणं नव्हे.

तिसरी तपासणी: शब्द नाही, पण गोष्ट आहे

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. समजा तुम्ही बायबलमधल्या पश्चात्तापावर काम करताय. सॉफ्टवेअरमध्ये ‘मेटानोइया’ आणि त्याचं क्रियापद टाकलं, सगळ्या ओळी मिळाल्या, तक्ता केला. हा तक्ता नेटका असेल आणि त्यात जक्कय नसेल.

लूकच्या १९ व्या अध्यायातला जक्कय हा यरीहोतला मुख्य जकातदार, श्रीमंत, बुटका. येशूला पाहायला झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरतो, लोक कुरकुरतात, आणि जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत. पश्चात्ताप हा शब्द या कथेत एकदाही येत नाही. तीच गत उधळ्या पुत्राची. लूकच्या १५ व्या अध्यायात हरवलेलं मेंढरू आणि हरवलेलं नाणं यांच्या शेवटी तो शब्द आहे. मुलगा डुकरांतून उठून बापाकडे परततो त्या मोठ्या गोष्टीत मात्र नाही. जगभर पश्चात्तापाची म्हणून ओळखली जाणारी गोष्ट शब्दशोधात सापडत नाही.

विज्ञानवाल्यांना हे सीओडीवरून पटकन कळेल. सांडपाण्याचा सीओडी काढतो तेव्हा आपण डायक्रोमेटने ऑक्सिडाइझ होणाऱ्या पदार्थांना किती ऑक्सिजन लागेल एवढंच मोजतो. आकडा उपयोगी आहे. पण तो मर्यादेत आला म्हणजे पाणी निर्धोक झालं असं नाही. जड धातूंबद्दल तो काही सांगतच नाही. सीओडी हा निर्देशक आहे, प्रदूषण ही संकल्पना आहे. तसाच ‘मेटानोइया’ हा निर्देशक आहे.

‘चौपट’ या आकड्याचाही विचार करा. मोशेच्या नियमशास्त्रात फसवणूक कबूल करून परतफेड करणाऱ्याने मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा द्यायचा, असं गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. चौपट हा दर निर्गमात मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्यासाठी आहे. म्हणजे जक्कय स्वतःला कबुली देणाऱ्या माणसाच्या सवलतीचा दर न लावता चोराचा दर लावतो.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे, ती लपवू नये. जक्कयची ग्रीक क्रियापदं वर्तमानकाळी आहेत: देतो, परत करतो. म्हणून काही भाष्यकारांचं म्हणणं आहे की तो पश्चात्ताप करतच नाहीये. ‘मी असंच वागत आलोय’ असं सांगून लोकांच्या कुरकुरीला उत्तर देतोय. मराठीतही ‘उद्या देतो’ आणि ‘दर महिन्याला देतो’ यांत ‘देतो’ एकच असतं, कालाचा निर्णय संदर्भाने होतो. माझ्या मते ‘आज या घराला तारण मिळालं’ अशा आशयाचं येशूचं उत्तर आणि ‘हरवलेलं शोधायला आलो’ हा समारोप पाहता वळणाचा अर्थ जास्त जुळतो. पण दुसरं वाचन वेडगळ नाही. आपल्या आवडत्या उदाहरणावरचा सर्वांत जड आक्षेप आपणच लिहून ठेवायचा असतो.

मराठीत गुंता वाढतो

मराठीत आपल्याकडे दोन मोठे शब्द आहेत, दोन्ही संस्कृतातून आलेले. पश्चात्ताप म्हणजे नंतरचा ताप, भाजणं. हा भावनेचा शब्द आहे. प्रायश्चित्त हा कृतीचा, शास्त्राचा शब्द आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्तांचा, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) त्याचा मोठा ऊहापोह आहे. शिवाय संतांचा ‘अनुताप’ आहेच. एकनाथ-तुकाराम वाचणाऱ्याला तो आपला वाटतो.

हे शब्द ख्रिस्ती साहित्यात गेले तेव्हा स्वतःची जुनी नाती घेऊनच गेले. मराठी बायबलच्या जुन्या करारात वेदीवरच्या यज्ञाने होतं ते ‘प्रायश्चित्त’. नव्या करारात ख्रिस्त स्वतः पापांबद्दल ‘प्रायश्चित्त’ ठरतो. कॅथलिक संस्कारात पाप करणारा माणूस धर्मगुरूने सांगितलेलं ‘प्रायश्चित्त’ करतो. शब्द एक, पण कर्ता बदलतो: पहिल्यात याजक, दुसऱ्यात ख्रिस्त, तिसऱ्यात पापी. ‘प्रायश्चित्त ख्रिस्तानेच केलं, मग माणसाने कशाला?’ हा वाद तुम्ही मराठीत ऐकला असेल, तर त्याचा बराच भाग एका शब्दाखाली तीन संकल्पना कोंबल्यामुळे आहे. सगळा नाही, कारण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मतभेद खरे आहेत, पण बराच.

आणि चौथं नातं जातीचं. १८९० चं पुण्याचं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण आठवा. रानडे, टिळक, गोखले यांच्यासह बरीच मंडळी मिशनमध्ये गेली, चहा-बिस्किटं पुढे आली, गोपाळराव जोश्यांनी बोभाटा केला आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं; रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं आणि त्यांच्यावर सुधारकांनीच टीका केली. इथे कोणी कोणाचं काही बिघडवलं होतं का? कोणाला पस्तावा होता का? प्रायश्चित्त होतं ते पंक्तीत परत बसण्यासाठी. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वाचकाच्या कानात ‘प्रायश्चित्त’ म्हटल्यावर हा आवाज होता, हे विसरून त्या काळचं ख्रिस्ती मराठी साहित्य वाचता येणार नाही.

मग परंपरेत नेमकं काय होतं?

थोडक्यात सांगतो. सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापासाठी प्रायश्चित्त जाहीर होतं आणि बाप्तिस्म्यानंतर एकदाच मिळे. इ. स. ३९० मध्ये थेस्सलनीका इथे सम्राट थिओडोसियसच्या हुकुमाने कत्तल झाली, तेव्हा मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी सम्राटालाही प्रायश्चित्त घ्यायला लावलं. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी पापाप्रमाणे प्रायश्चित्ताचे कोष्टक असलेली पुस्तकं केली. प्रथा खासगी झाली आणि पुन्हा पुन्हा घेता येऊ लागली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन बंधनकारक केलं. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने पश्चात्ताप करणाऱ्याची तीन कामं पक्की केली: मनापासून खंत, तोंडाने कबुली आणि कृतीने भरपाई. १९७३ मध्ये या संस्काराचा विधी नव्याने मांडला गेला.

ही तीन कामं पाहिली की ‘आतला विरुद्ध बाहेरचा’ हा सामना किती लटका आहे ते कळतं. मन, वाणी, कृती या तिन्ही जागा इथे एकत्र धरल्या आहेत. खरी टीका करायची तर ती वेगळ्या ठिकाणी करावी लागेल. या तिन्हींत ज्याचं नुकसान झालं तो माणूस कुठे आहे? खंत देवापुढे, कबुली धर्मगुरूपुढे, तीही गुप्त, आणि प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगितल्या असतील तर त्याही देवापुढे. पीडिताला पत्ताच नाही, असं होऊ शकतं. परंपरेला याची जाण नव्हती असं नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद १४५९ मध्ये स्पष्ट आहे की पापक्षमेने पाप जातं, पण पापाने घडवलेली सगळी मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत द्यावं, बदनामी केली असेल तर नाव भरून द्यावं. ग्रंथात आहे. व्यवहारात किती होतं, हा क्षेत्रकार्याचा प्रश्न आहे, आणि तो कोणीतरी आपल्याच जिल्ह्यात करावा असा आहे.

तारापूरला याचा काय संबंध?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर, म्हणजे सर्वांत वाईट होतं. खाडी आणि किनारा ज्यांच्या पोटाचा, त्या मच्छीमारांच्या बाजूने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. लवादाने २०२२ मध्ये कारखान्यांवर आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या चालकांवर नुकसानभरपाई लावली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

अशा वेळी ‘दंड भरला, प्रायश्चित्त झालं’ असं बोललं जातं. वरची तीन कामं हातात धरून पाहा. दंडात तिसरं काम आहे, तेही आदेशाने. पहिली दोन नाहीत. उलट एखादी कंपनी झाडं लावून हिरवी जाहिरात करते तेव्हा कृती दिसते, पण कबुली नाही, आणि भरपाई ज्याचं गेलं त्याला नाही. योहानाच्या कसोटीवर दोन्ही अपुरी. कारण जकातदारांना त्याचं उत्तर होतं: जास्तीची वसुली थांबवा. खाडीत जाणारं थांबलं का, हा प्रश्न भरपाईच्या आकड्याआधीचा आहे.

पण उपमेची मर्यादाही लिहायला हवी. कंपनीला अंतःकरण नसतं, त्यामुळे ‘खंत’ कोणाची मोजायची? आणि क्षमा करण्याचा अधिकार धर्मात देवाचा आहे. इथे तो लवादाचाही नाही, असलाच तर मच्छीमारांचा. म्हणून धर्मशास्त्रातली चौकट उचलून पर्यावरण कायद्यावर जशीच्या तशी बसवू नये. प्रश्न विचारायला ती चांगली आहे, निकाल द्यायला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात सृष्टीबाबतच्या परिवर्तनाची हाक दिली आहे, आणि आपल्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईच्या लढ्यात ती आधीच जगून दाखवली होती. तेव्हा हा दुवा मी ओढून आणलेला नाही.

तुमच्या प्रस्तावासाठी

चार गोष्टी वहीत लिहून ठेवा. व्युत्पत्ती हा पुरावा नाही, फार तर सुरुवात आहे. प्रसिद्ध अवतरणाच्या पुढच्या दोन ओळी मूळ ठिकाणी वाचल्याशिवाय ते वापरू नका. शब्दशोधाने मिळालेल्या यादीला ‘संकल्पनेचा आढावा’ म्हणू नका. जिथे शब्द नाही पण गोष्ट आहे, अशी दोन उदाहरणं मुद्दाम शोधा. आणि अनुवादित शब्द वापरताना त्याचा कर्ता कोण, हे प्रत्येक ठिकाणी लिहा.

पश्चात्तापावर, भरपाईवर किंवा पुनर्वसनावर काम करणार असाल तर पाचवीही आहे. तुमच्या मुलाखतींच्या यादीत ज्याचं नुकसान झालं तो आहे का, ते तपासा. संस्था, अधिकारी, धर्मगुरू, वकील पटकन भेटतात, त्यांच्याकडे शब्दही तयार असतात. खाडीवरच्या माणसाकडे कदाचित ‘प्रायश्चित्त’ हा शब्द नसेल. त्याचं काय गेलं आणि कोणी काय परत केलं, एवढं तो सांगेल. तेवढ्यावर प्रकरण उभं राहतं.